रिपोर्ट 'पिण्यायोग्य', तरी गावात जुलाब: विहिरीवरच्या नळयोजनेवर लक्ष कोणी ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. अडीच हजार वस्तीचं गाव. नाल्याकाठच्या विहिरीवर नळयोजना, उंच टाकी, पाणी एक दिवसाआड. जूनच्या सुरुवातीला पाण्याचा नमुना तपासायला दिला, रिपोर्ट आला 'पिण्यायोग्य'. जुलैअखेर खालच्या आळीतल्या दोन गल्ल्यांत जुलाब-उलट्यांची साथ आली. पुन्हा नमुना दिला, पुन्हा 'पिण्यायोग्य'. पंचायतीत नव्याने निवडून आलेल्या सदस्य ताई विचारतात, रिपोर्ट खोटा आहे का, यावर लक्ष ठेवणं नक्की कुणाचं काम, आणि गावाने सरळ आरओ प्लांट बसवून मोकळं व्हावं का?

ताई, रिपोर्ट खोटा नसावा. दोन्ही रिपोर्ट खरे असतील आणि तरीही साथ पाण्यातूनच आली असेल. भूजलाच्या खात्यात असताना असे कागद मी खूप पाहिले, म्हणून आधी दुसऱ्या रिपोर्टपासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

साथ आली की गावात पहिल्यांदा काय होतं ते आठवून पाहा. फोनाफोनी होते, 'पाण्यात पावडर टाकली का' अशी विचारणा होते, आणि वर्षभर जिन्याखाली पडलेली टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी बाहेर निघते. टाकीत, विहिरीत, दिसेल तिथे पावडर पडते. मग दुपारी आरोग्याची टीम येते आणि नमुना घेते. त्या बाटलीत तुमच्या पावडरीचा परिणाम असतो, साथ आणणारं पाणी त्यात नसतंच. पुढच्या वेळी क्रम उलटा करा. ज्या घरांत रुग्ण आहेत त्यांच्या नळाचं पाणी आधी बाटलीत घ्या, रांजणातलं वेगळं घ्या, आणि मग टाका पावडर. दहा मिनिटांचा उशीर होतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

जूनच्या नमुन्याची गोष्ट थोडी वेगळी. तो कुठून घेतला होता हे विचारा. बहुतेक ठिकाणी तो पंचायतीच्या कार्यालयातल्या नळाचा असतो, म्हणजे टाकीच्या पायथ्याशी, जिथे पाणी सगळ्यात चांगलं असतं. शिवाय तो मोठा पाऊस पडायच्या आधीचा आहे. जिवाणू तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, आणि रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, असा जल जीवन मिशनचा आग्रह आहे. तो पाळलात तरी ३६५ दिवसांपैकी दोनच दिवसांचं पाणी तुम्हाला कळलं. विहिरीत घाण उतरते ती पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत. त्या आठवड्यात नमुना घेणारं गाव मला क्वचितच भेटलं.

बाटलीचीही एक गंमत आहे. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते, तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. पाण्यातल्या क्लोरीनचं काम जागच्या जागी थांबवणं एवढाच त्याचा उपयोग. नाहीतर वाटेतच क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि प्रयोगशाळेला नळावरच्या पाण्यापेक्षा वेगळं पाणी मिळतं. आता आपला जलसुरक्षक, म्हणजे पंचायतीचा नमुने घेणारा माणूस, स्वच्छतेचा भोक्ता. बाटलीच्या तळाला काहीतरी पांढरं दिसलं की तो ती दोनदा खळखळून विसळतो आणि मग भरतो. थायोसल्फेट गेलं मोरीत. रासायनिक नमुन्याची बाटली विसळायची असते, ही नाही, हा फरक त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. पुढे ती बाटली मोटरसायकलच्या डिकीत उन्हात तालुक्याला जाते, शनिवार आला तर सोमवारपर्यंत कपाटात राहते. जिवाणूंचा नमुना बर्फाच्या डब्यातून, शक्य तितक्या लवकर आणि फार तर २४ तासांत पोचायला हवा.

म्हणून माझं म्हणणं असं की रिपोर्ट फक्त त्या बाटलीबद्दल बोलतो. गावाच्या पाण्याची राखण रोज व्हावी लागते, आणि ती रोज झाली की नाही हे राखण करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पाहावं लागतं. आपल्याकडे ही दुसरी नजर नसते.

आता तुमच्या गावाकडे येऊ. रुग्ण दोन गल्ल्यांत आहेत ही फार कामाची माहिती तुम्ही दिलीत. विहीर किंवा टाकी बिघडली असती तर रुग्ण गावभर विखुरलेले दिसले असते. दोनच गल्ल्या, त्याही खालच्या आळीतल्या, म्हणजे माझा पहिला संशय त्या लाइनवर. गावाचा कच्चा नकाशा काढा, त्यावर पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह मांडा, रुग्णांची घरं टिंबांनी दाखवा. आशाताईंकडे घरांची यादी असतेच. टिंबं एकाच व्हॉल्व्हच्या पुढे जमली, तर तो व्हॉल्व्ह बंद करून पुढची लाइन उकरायला घ्या.

पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे मधल्या वेळात पाइप रिकामा असतो. भरलेल्या पाइपातून गळतीवाटे पाणी बाहेर जातं, पण पाइप रिकामा होऊ लागला की त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गटाराला लागून गेलेली लाइन असेल तर गटाराचं पाणी. त्यात खालच्या आळीत दाब कमी म्हणून लोकांनी दारात खड्डे केलेले असतात, नळाची तोटी जमिनीखाली दोन फूट, खड्ड्यात पावसाचं आणि भांड्यांचं पाणी साचलेलं, आणि तोटी त्यात बुडालेली. कुणी नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर, लावला की शेजारच्या सगळ्या फटी आणि सगळे खड्डे एकदम ओढले जातात. पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट, आणि बायका नेमकं तेव्हाच पिण्याचं भरून घेतात, कारण नंतर नळ जाईल ही धास्ती. साथ ओसरेपर्यंत तरी पहिलं पाणी वापरायला आणि पिण्याचं नंतर, एवढं घरोघर सांगितलंत तरी फरक पडेल.

पण विहीर निर्दोष असेल असंही समजू नका. 'जमिनीतलं पाणी म्हणजे गाळून आलेलं पाणी' ही समजूत गाळाच्या प्रदेशात थोडीफार चालते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, खाली काळा पाषाण. आपल्या विहिरींना पाणी येतं ते मुरमातून आणि भेगांतून. वाळूच्या थरातून पाणी मुंगीच्या पावलाने झिरपतं आणि वाटेत गाळलं जातं. भेगेतून ते धावतं. शंभर मीटरवरचा उकिरडा किंवा शोषखड्डा मोठ्या पावसानंतर फार थोड्या वेळात विहिरीत येऊ शकतो. संडास आणि विहिरीत पंधरा मीटर अंतर ठेवा असं आपण सांगत आलो. मुरमात मला ते पुरेसं वाटत नाही, त्यातून संडास उताराच्या वरच्या अंगाला असेल तर मुळीच नाही.

आणि आपल्या योजनांची विहीर जवळजवळ नेहमी गावाच्या खालच्या अंगाला असते. पाणी तिथे लागतं म्हणून ती तिथे खोदली, त्यात चूक काही नाही. पण गावाची गटारंही उताराने त्याच नाल्याला जाऊन मिळतात. घरोघरी संडास झाले हे उत्तमच झालं. मात्र अनेकांनी शोषखड्ड्याऐवजी सेप्टिक टाकी बांधली आणि तिचं तोंड गटाराला जोडलं. म्हणजे पूर्वी शिवारात विखुरली जाणारी घाण आता एका धारेने विहिरीच्या वरच्या बाजूला येते. स्वतः जाऊन बघा. विहिरीचं बांधकाम मुरमाच्या खालपर्यंत आहे का, भोवतीचा सिमेंटचा ओटा फुटलाय का, कठड्यालगत जमीन खचून डबकं झालंय का, वर जाळी आहे का. बोअर असेल तर केसिंग पाइप जमिनीच्या वर आलाय का आणि त्याच्या भोवतीची पोकळी सिमेंटने बुजवलीय का ते पाहा. केसिंगला लागून हात आत जात असेल तर पावसाचं पाणीही जातं.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे स्रोतापासून, ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला १९९३ च्या कायद्याने बंदी घातली, पुढे २००९ चा सविस्तर भूजल कायदा आला. गावात या कायद्याची आठवण निघते ती शेजाऱ्याने बोअर मारली की. उकिरड्याबद्दल तक्रार घेऊन आलेला माणूस मी पाहिला नाही. विहिरीचं पाणी आटलं की गाव जागं होतं, नासलं की दवाखान्यात जातं.

आता टीसीएल. इथे हिशेब करून दाखवतो, कारण 'पावडर रोज टाकतो साहेब' या वाक्यात काहीच कळत नाही. आरोग्य खात्याचं साधं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. तुमची टाकी ५०,००० लिटरची धरली तर २५० ग्रॅम. पावडर ताजी असेल तर तिच्यात क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लिटरमागे साधारण १.६५ मिलिग्रॅम. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यातली घाणच लिटरमागे एक मिलिग्रॅम खाऊन टाकते असं समजा. उरला ०.६५. वाटेत थोडा जाईल, तरी शेवटच्या घरी ०.२ राहील. ०.२ ही आयएस १०५०० या भारतीय मानकातली किमान मर्यादा.

आता तीच गोणी तोंड उघडं ठेवून सहा महिने ओल्या खोलीत पडलेली. क्लोरीन उडून १२ टक्क्यांवर आलं. तेच २५० ग्रॅम टाकले तर लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम. पाण्याची भूक एकची. शेवटच्या घरी शून्य, पहिल्या घरीही शून्य. पावडर रोज टाकली, रजिस्टरला रोज लिहिलं, आणि उपयोग काडीचाही नाही. म्हणून पावडरीचाही नमुना तपासायचा असतो. २० टक्क्यांच्या खाली आली की ती वापरायची नाही असा दंडक आहे. वर्षाची पावडर एकदम घेण्याचा मोह टाळा, दोन-तीन महिन्यांपुरती घ्या, प्लॅस्टिकच्या झाकणबंद पिंपात ठेवा. लोखंडी कपाटाशेजारी नको, कपाटही खाते.

टाकायची पद्धतही बघा. कापडात पुरचुंडी बांधून टाकीत सोडणं ही आपल्याकडची लाडकी पद्धत, आणि बेभरवशाची. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी लापशी करा, मग पाणी घालून ढवळा, अर्धा तास चुना खाली बसू द्या, वरची निवळीच घ्या. टाकी भरू लागतानाच ती सोडा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्यात मिसळते. भरलेल्या टाकीत वरून ओतली तर नीट मिसळत नाही. आणि मिसळल्यापासून निदान अर्धा तास गावात पाणी सोडू नका.

हे सगळं पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. तरी तो करत नाही, आणि त्याचं खरं कारण कोणत्याच तपासणी अहवालात येत नाही. टाकीची शिडी. उंच टाकी, गंजलेली लोखंडी शिडी, मधल्या दोन पायऱ्या तुटलेल्या, पाऊस, आणि एका हातात निवळीची बादली. त्याला महिन्याला मिळतं काय, तेही तीन महिने थकलेलं. मीही चढलो नसतो. यावर उपाय जमिनीवरच आहे. पंपघरात रायझिंग मेनवर, म्हणजे टाकीकडे चढणाऱ्या पाइपवर, क्लोरीन मोजून सोडणारा डोसिंग पंप किंवा साधा क्लोरीनेटर बसवायचा, म्हणजे पाणी टाकीत चढतानाच क्लोरीन घेऊन चढतं. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखून दिलेल्या पैशांतून, अशी कामं होतात. सदस्य म्हणून एकच काम करायचं म्हणालात तर मी हे सांगेन.

आणि मग ते रजिस्टर. ओटीचं, म्हणजे थेंब टाकून मोजलेल्या क्लोरीनच्या रोजच्या आकड्यांचं, रजिस्टर उघडा आणि तीन महिन्यांची पानं एकदम पाहा. रोज ०.२, एकाच शाईत, एकाच तिरकस अक्षरात. मग विजेची किंवा मोटर दुरुस्तीची पावती शोधा. मोटर जळाली म्हणून चार दिवस पाणीच सुटलं नव्हतं, त्या चार दिवसांतही ओटी ०.२ लिहिलेली असेल तर बाकीच्या दिवसांबद्दल काय समजायचं ते समजा. खरं रजिस्टर वेडंवाकडं असतं. कधी ०.५, कधी ०.१, कधी शून्य आणि पुढे 'पावडर संपली'. शून्य लिहिणाऱ्या माणसाला रागावू नका. पंचायतीत तोच एक खरं बोलतोय.

हे केवळ आपल्याकडे घडतं असंही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. पाणी विहिरींचं. त्यातल्या पाच क्रमांकाच्या विहिरीचं केसिंग फक्त पाच मीटर खोल, खाली भेगाळलेला खडक, शेजारी गुरांचं शेत. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेणखत भेगांतून विहिरीत उतरलं, आणि ई. कोलाय या जिवाणूच्या घातक जातीने गावातली सात माणसं दगावली, दोन हजार तीनशेच्या आसपास आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत निघालेली गोष्ट वाचताना मला आपलीच रजिस्टरं आठवली. पाणी सोडणारे लोक क्लोरीन कमी टाकत, मोजणी न करताच रोजच्या तक्त्यात आकडे भरत, आणि ते आकडे जवळजवळ नेहमी ०.५ किंवा ०.७५. वर्षानुवर्षं. सरकारी तपासनीस येत होते, पण रोज तेच आकडे कसे, हे कुणी विचारलं नाही.

त्याहून वाईट पुढचं. सरकारने १९९६ मध्ये आपल्या प्रयोगशाळांतून ही तपासणी बंद करून ती खासगी प्रयोगशाळांवर सोडली होती, आणि वाईट निकाल थेट आरोग्य खात्याला कळवण्याची सक्ती केली नव्हती. १७ मे रोजी प्रयोगशाळेने दूषित निकाल पाठवला तो पाणीपुरवठा करणाऱ्यांनाच. आरोग्य खात्याने फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी पाणी ठीक असल्याचं सांगितलं. पाणी उकळून प्या हा इशारा २१ मे रोजी निघाला, तोही आरोग्य खात्याने स्वतःच्या संशयावर काढला. पुढे तिथला कायदा बदलला आणि वाईट निकाल प्रयोगशाळेने सरळ आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक झालं.

हे लक्षात ठेवून आपली साखळी पाहा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. कायद्याने पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कर्तव्यांच्या यादीत ती आहे. योजना बांधते जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग किंवा जीवन प्राधिकरण. पावडर खरेदी पंचायतीची. नमुना घेणारा जलसुरक्षक पंचायतीचा. तपासणारी प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण यंत्रणेची किंवा आरोग्य खात्याची. सर्वेक्षण करून, धोका किती ते पाहून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देणारे आरोग्य कर्मचारी. इतके हात लागतात आणि तरी 'आज शेवटच्या घरी क्लोरीन होता का' हे रोज विचारायचं काम एकाचंही नाही. पाणी देणाराच मोजतो, मोजणाराच लिहितो. शिवाय आयएस १०५०० हे मानक आहे, पण गावाच्या नळयोजनेला ते पाळलं नाही म्हणून शिक्षा करणारी स्वतंत्र यंत्रणा आपल्याकडे नाही. अमेरिकेत २५ माणसांना वर्षभर पाणी देणारी योजनासुद्धा १९७४ च्या कायद्याखाली येते आणि पाण्यात घातक दोष निघाला तर २४ तासांत लोकांना सांगावं लागतं. आपल्याकडे दूषित रिपोर्ट ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या फाइलला लागतो. गावाला तो वेळेत कळेलच याची खात्री नाही.

कार्डांबद्दल माझं मत बरं आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या त्या सर्वेक्षणात गळती, व्हॉल्व्हचे खड्डे, पावडरीचा साठा, विहिरीचा परिसर हे सगळं बघायचं असतं, आणि मनापासून केलं तर प्रयोगशाळेच्या रिपोर्टपेक्षा ते जास्त सांगून जातं. तुमच्या गावाला कोणतं कार्ड आहे ते विचारा, आणि कार्डावर थांबू नका. ज्या तपासणी फॉर्मवरून ते दिलं तो फॉर्म मागा. हिरवं कार्ड भिंतीवर लावून खाली गटारात बुडालेले व्हॉल्व्ह मी बघितले आहेत.

जबाबदारीची ही पोकळी शहराच्या कडेला तर आणखी मोठी होते. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली, पण पाणी त्या भागातल्या विहिरीचंच. संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जिवाणू सापडला. ग्रामपंचायत गेली, महापालिका आली, विहीर तिथेच राहिली. अशा हस्तांतराच्या काळात पावडर कोण टाकतंय हे विचारायला कुणी उरत नाही.

तेव्हा दुसरी नजर गावातच उभी करा. जल जीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं. तुमच्याकडे दिलं असेल तर ती पेटी बहुधा पंचायतीच्या कपाटात सीलबंद असेल, काढा. टाकीपासून सगळ्यात लांबची दोन घरं आणि शाळा किंवा अंगणवाडीचा नळ, एवढ्या तीन ठिकाणी पाणी सुटेल त्या दिवशी क्लोरीन बघायचा, आणि तो पाणी सोडणाऱ्याने बघायचा नाही. ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच वाचा. पाच मिनिटांनी वाचलात तर आकडा फुगलेला दिसेल, कारण तेव्हा कामाला फारसा न येणारा क्लोरीनही मोजला जातो. ते द्रावण तब्येतीला बरं नाही, हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नका. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडीच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चांगल्या.

आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. शून्य आला तर त्याच दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि देवळाच्या भोंग्यावरून 'आज पाणी उकळून प्या' एवढं जाहीर करायचा अधिकार त्या महिलांना ग्रामसभेच्या ठरावाने द्या. सरपंचांची परवानगी घेऊन जाहीर करायचं असं ठेवलंत तर ते कधीच जाहीर होणार नाही, कारण गावाची बदनामी कुणालाच नको असते. एच-टू-एसची बाटली महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर लावा: पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर शेणा-मैल्याची घाण आहे असं धरून चालायचं. ती प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण नेमका नमुना कधी पाठवायचा हे सांगते.

लोक वासाची तक्रार करतील. पहिल्या आठवड्यात हमखास. पाणी सोडणारा शिव्या खाऊन पावडर निम्मी करतो, हे फार वेळा घडतं. तेव्हा सदस्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं.

राहिला आरओ प्लांट. आधी रासायनिक रिपोर्ट काढून तीन आकडे बघा: नायट्रेट, फ्लोराइड, विरघळलेले क्षार. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, त्याला सूट नाही. फ्लोराइड १ पर्यंत असावा, दुसरा उद्भवच नसेल तर १.५. क्षार ५०० पर्यंत, तशाच नाइलाजात २,०००. यांच्यापुढे पावडर चालत नाही, उकळून तर नायट्रेट आणखी दाट होतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांत किंवा अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आरओला अर्थ आहे, तोही दुसरा उद्भव मिळेपर्यंत. तुमच्याकडे नायट्रेट दरवर्षी चढत असेल तर मी त्याच्याकडे चुगलखोर म्हणून बघेन: खत तरी उतरतंय किंवा संडास तरी, आणि पावसानंतर क्लोराइडही सोबत वाढत असेल तर संडासाचा संशय जास्त.

हे तीन आकडे मर्यादेत असतील तर आरओवर पैसे घालू नका. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, मग ते पाणी जारमध्ये, जार उघड्या रिक्षात, घरी तोटीला हात लागलेला. वाटेत घाण शिरली तर तिला मारायला आत काहीच नसतं. पुण्याच्या साथीत सिंहगड रस्ता भागातल्या अनेक खासगी आरओ प्लांटचं पाणी अयोग्य निघालं आणि महापालिकेला ते बंद करावे लागले. शिवाय जार विकत घेणारी घरं एकदा फुटली की नळाच्या पाण्यासाठी ग्रामसभेत भांडणारी मंडळीच कमी होतात, आणि उरतात ती खालच्या आळीतली. त्याच पैशात पंपघरातला क्लोरीनेटर, खालच्या आळीची गटारापासून लांब नेलेली नवी लाइन आणि नळांच्या खड्ड्यांऐवजी जमिनीवर आणलेल्या तोट्या होतात. दाब कमी म्हणून तोट्या खाली गेल्या असतील तर त्या आळीला पाणी वेगळ्या वेळी सोडून बघा. एक व्हॉल्व्ह जास्त फिरवावा लागेल, खर्च काही नाही.